थोरलीची सळई

१

सळई तुटली होती.

बोटाएवढी जाड, वीतभर लांब. यंत्राच्या दोन जबड्यांत ती उभी धरलेली असायची. यंत्र तिला ओढायचं, सोडायचं, पुन्हा ओढायचं. हे महिनोन् महिने चाललं होतं. आज सकाळी अर्धी सळई वरच्या जबड्यात होती, अर्धी खालच्या जबड्यात, आणि मधे करंगळी जाईल एवढी फट. यंत्राची घरघर थांबली होती. त्या घरघरीची सगळ्यांना इतकी सवय झालेली की आता जो तो हळू आवाजात बोलत होता, घरात कुणी गेल्यासारखं.

सळई थोरलीची. आमच्या विभागप्रमुखांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्यांत ती सगळ्यांत जुनी, म्हणून थोरली. तिच्या मागून आलेला मुलगा तो धाकटा. दोन वेगळे धातू न वितळवता, नुसते एकमेकांवर घासून आणि दाबून जोडायची एक पद्धत तिने बसवली होती. असा जोड ओढसोडीने थकतो आणि एका मर्यादेनंतर तुटतोच, असा नियम आहे. विभागप्रमुखांनीच तो तरुणपणी मांडला आणि पाठ्यपुस्तकात तो त्यांच्या नावावर आहे. थोरलीच्या सळईने ती मर्यादा केव्हाच ओलांडली होती, आणि तरी ती धडधाकट होती. आज दुपारच्या सेमिनारमध्ये थोरली नेमकं हेच दाखवणार होती. ते बघायला बाहेरच्या एका मोठ्या संस्थेतल्या प्राध्यापक बाई आल्या होत्या. त्यांच्याकडे संशोधकाची एकच जागा रिकामी होती. सळई शाबूत दिसली तर ती जागा थोरलीची, नाहीतर रांगेत दुसरी माणसं उभी होतीच.

मी या विभागातला निवृत्त शिक्षक. धातूंचा थकवा हा माझा विषय. मुलं मला काका म्हणतात. अजूनही इथल्या ग्रंथालयात येऊन बसतो आणि दर आठवड्याचा सेमिनार शेवटच्या बाकावरून ऐकतो. प्रश्न विचारत नाही. मनात एखादा येतो, पण तो बाळबोध तर नाही ना, हे मी ठरवेपर्यंत दुसरं कुणीतरी तोच विचारून मोकळं होतं.

त्या सकाळी थोरलीने मला फोन करून खाली बोलावलं. पाठोपाठ बाकीचे आले. तिचा नवरा वरच्या मजल्यावर संगणकावर गणितं मांडतो. थोरली विभागाची लेक, म्हणून त्याला सगळे जावईबापू म्हणतात. त्याने बायकोकडे बघण्याआधी मोबाइलचा दिवा लावून तुटलेल्या टोकात डोळा घातला. धाकटा गुडघ्यांवर बसून खालून बघत होता. पाहुण्या बाईंनी पर्समधून जवळचा चष्मा काढला आणि त्याही वाकल्या. विभागप्रमुख, म्हणजे आमचे सर, सगळ्यांत शेवटी आले. दारातूनच त्यांनी काय ते ओळखलं, थोरलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. म्हणाले, धातू आहे, कधीतरी तुटायचाच. जिथवर चालली तिथवरचं प्रामाणिकपणे सांग, त्यात कमीपणा नाही. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं.

बाईंनी सेमिनार दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवायला सुचवलं; त्याच दिवशी दुपारी त्यांना परत निघायचं होतं. आवाज न चढवता त्यांनी एवढंही सांगितलं, की तुटलेली सळई हा चांगला प्रयत्न म्हणता येईल, शोध नव्हे.

सगळे पांगल्यावर थोरलीने माझी बाही धरली.

"काका, काल संध्याकाळी मी तिला कान लावून ऐकलंय. थकलेल्या सळईचा आवाज असा नसतो. ही आपणहून तुटलेली नाही."

२

मुलं आपल्या प्रयोगाबद्दल असं बोलतातच. आईला आपलं मूल नापास झालेलं पटत नाही, तसं ते असतं. तरी मी दोन्ही तुकडे सोडवून खिडकीपाशी नेले आणि भिंग लावलं.

तुटलेल्या धातूला चेहरा असतो. एका झटक्यात तुटला तर सगळा चेहरा खडबडीत. थकून तुटला तर समुद्र ओसरल्यावर वाळूवर राहतात तशा बारीक लाटा, आणि शेवटी, उरलेलं अंग जिथे एकदम सुटलं तिथे, थोडा खडबडीत भाग. इथे लाटा स्पष्ट होत्या. ही सळई थकूनच तुटली होती. थोरलीला ते कसं सांगावं याची वाक्यं मी मनात जुळवायला लागलो.

मग ऊन तुकड्यावर पडलं आणि मी थांबलो. नुकता तुटलेला धातू चमकतो, नुकत्या कापलेल्या फळासारखा. हा चमकत नव्हता. लाटांच्या खाचांत किंचित तांबूस झाक होती. माझा माझ्या डोळ्यांवर फारसा विश्वास नाही, म्हणून धाकट्याने आदल्या दिवशी तोडलेला एक तुकडा शेजारी ठेवून पाहिला. तो लख्ख होता. थोरलीचा तुकडा त्याच्यापुढे जुन्या भांड्यासारखा दिसत होता. एका रात्रीत धातू इतका म्हातारा होत नाही.

"ही सळई तुटली खरी," मी म्हणालो, "पण काल नाही. खूप वर्षांपूर्वी. पोरी, ही तुझी सळई नव्हेच."

ती खाली बसली. तिच्या लगेच लक्षात आलं, की कुणीतरी यंत्र थांबवून तिची सळई काढून नेली होती आणि जुन्या सळईचे दोन तुकडे जबड्यांत अडकवून ठेवले होते. जोरजबरदस्तीने तोडलेली सळई इथे कुणालाही फसवू शकली नसती. करणाऱ्याला ते माहीत होतं.

मी म्हणालो, की मग तुझी सळई कुठेतरी शाबूत असेल, आपण ती शोधू. त्यावर ती जे बोलली ते मला सुचायला हवं होतं. सळईवर आम्ही आकडा कोरत नाही, कोरलं की तडा तिथूनच सुरू होतो. शाईने लिहितो, आणि ती तेलात पुसली जाते. सळई उद्या टेबलावर आणून ठेवली तरी ती तीच, हे कोण मानणार? बाई म्हणतील, मुलीने रातोरात नवी घडवून आणली.

म्हणजे नुसती सळई मिळून भागणार नव्हतं. ज्याने ती काढली त्याने तसं सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं. आणि प्रयोगशाळेची किल्ली थोरलीखेरीज तिघांकडेच होती: नवरा, धाकटा आणि सर.

३

जावईबापूंनी मला स्वतःची खुर्ची दिली आणि आपण खिडकीच्या कट्ट्यावर बसले. मी फार आडवळणाने सुरुवात केली. त्यालाच माझी दया आली असावी.

"काका, विचारायचंय ते विचारा. सळई तुटली तेव्हा मला बरं वाटलं का? वाटलं. क्षणभर. मग स्वतःचीच शरम वाटली."

त्याच्या गणिताप्रमाणे ती सळई कधीच तुटायला हवी होती. रोज सकाळी नाश्त्याच्या वेळी थोरली फोनवर यंत्राचा आकडा बघायची आणि काही न बोलता फोन त्याच्यासमोर ठेवायची. बायकांच्या नशिबी सवत असते, माझ्या नशिबी सळई आली, असं तो म्हणाला. त्यात ती जागा थोरलीला मिळाली तर त्याला इथलं काम सोडून तिच्या मागे जावं लागणार होतं. सासरी जाणारा मी पहिलाच पुरुष, असंही म्हणाला, पण हसला नाही. मत्सर लपवायची त्याने खटपट केली नाही, आणि त्यामुळे मला तो जास्तच संशयित वाटायला लागला.

मग तो आपणहून म्हणाला, की त्याला खरं दुःख वेगळंच झालं. त्याच्या गणिताप्रमाणे सळई जोडाच्या मधोमध तुटायला हवी, आणि ही तुटली होती जोडाच्या कडेला. म्हणजे बायको चुकली ती चुकलीच, पण मीही बरोबर ठरलो नाही. कडेला तर पूर्वीच्या पद्धतीचे जोड तुटायचे, सरांच्या तरुणपणीचे.

मी जिन्यात थांबून याचा विचार केला. सळई बदलणारा हाच असता तर त्याने मधोमध तुटलेली निवडली असती. इतकी मेहनत करून माणूस स्वतःचंच गणित खोटं पाडत नाही.

धाकटा कॅन्टीनमध्ये सापडला. आमच्या सेमिनारची एक रीत आहे. दर वेळी एकाला विरोधक नेमतात. वक्त्याच्या कामातली भोकं शोधून दाखवणं हे त्याचं काम. या वेळचा विरोधक धाकटा होता. तो चिडला होता, पण वेगळ्याच कारणाने. न तुटलेल्या सळईवर त्याने रात्री जागून प्रश्न काढले होते, आणि आता तुटलेल्या सळईला ते कसे विचारायचे? बाईंपुढे चमकायची एवढी एकच संधी होती, तीही थोरलीच्या सळईने घालवली, असं त्याचं म्हणणं.

थोरलीविषयी त्याच्या मनात किती साठलं होतं ते मला माहीत नव्हतं. सर रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिच्या यंत्रापाशी बसतात, अगदी डोळे मिटून ऐकतात, हे त्याने मला दोनदा सांगितलं. त्याचा स्वतःचा मसुदा सरांच्या टेबलावर होता आणि त्याच्यावर त्याच कपाची गोल वर्तुळं उमटली होती.

"घरात एक लाडकी असली की दुसरा सावत्रच होतो, काका. म्हणून म्हणतो, ती जागा तिला मिळायलाच हवी होती. ती गेली असती तर सरांना निदान कळलं असतं, की आणखी एक जण आहे."

यातही खोट सापडेना. ज्याला थोरली जायला हवी आहे, तो तिची वाट का अडवेल?

राहिलं एकच नाव. ते मला घ्यायचं नव्हतं, कारण तेच असावं अशी माझी फार इच्छा होती.

४

सर आणि मी एका वर्गात होतो. तो नेहमी पहिला यायचा, मी नेहमी दुसरा. पुढे नोकरीतही तसंच झालं. मी शिकवत राहिलो आणि वेळेवर निवृत्त झालो; तो विभागप्रमुख झाला आणि मुदतवाढ मिळून अजून खुर्चीवर आहे. मी ज्या नियमाच्या आसपास घुटमळत होतो तो त्याने एका उन्हाळ्यात मांडून टाकला. त्याने माझं कधी वाईट केलं नाही. दोष द्यायला जागा असती तर मला सोपं गेलं असतं.

त्याच्या खोलीत काचेचं कपाट आहे. त्यात त्या नियमासाठी तोडलेल्या जुन्या सळया ट्रेमध्ये पडलेल्या असतात. कपाटाला कुलूप नसतं; मुलं शिकवण्यासाठी तुकडे नेतात, आणतात, कुणी मोजत नाही. त्यातून काय सिद्ध होणार?

त्याने मला प्रेमाने बसवलं. म्हणाला, बाईंसाठी दोन ओळी लिहून दे, की सळई थकून तुटली. तुटलेल्या धातूच्या बाबतीत तुझा शब्द अखेरचा. इतक्या वर्षांत त्याने माझ्या कुठल्याच शब्दाला अखेरचा म्हटलं नव्हतं. माझा हात खिशातल्या पेनाकडे गेलासुद्धा. मग तो थोरलीबद्दल बोलला, गुणी आहे म्हणाला. त्या जागेविषयीचं बाईंचं पत्र थेट तिलाच आलं होतं.

"मला नुसती प्रत," तो म्हणाला. "मी घडवली तिला, आणि मला प्रत."

ओळी उद्या देतो म्हणून मी उठलो. घरी आलो तेव्हा ठरवून टाकलं होतं, की आपल्याला काही कळत नाही. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाने पोलिसगिरी करू नये. सगळ्यांत वाईट म्हणजे माझा संशय हा संशय होता की आयुष्यभराची पोटदुखी, हे मला सांगता येत नव्हतं.

जेवायची तयारी चालू होती. हिच्या हातातल्या डावाचा दांडा खटकन तुटला. मी लगेच पुढे होऊन तुकडा उचलला, दिव्याखाली धरला आणि लाटा शोधायला लागलो.

"झालं सुरू," ही म्हणाली. "कधीपासून तडा होता ते मग सांगा, आधी आमटी आवरा. तुमची जातच तशी. आपल्या लेकीच्या लग्नात फोटोला सगळे उभे, आणि तुमचा तो मित्र खाली बसून खुर्चीचा मोडका पाय न्याहाळतोय. सूट घालून. तुटलेलं दिसलं की वाकल्याशिवाय राहवत नाही तुम्हा लोकांना."

डाव माझ्या हातात तसाच राहिला.

सकाळी सगळे वाकले होते. नवरा वाकला, धाकटा गुडघ्यांवर बसला, पाहुण्या बाईसुद्धा चष्मा लावून वाकल्या. ज्याचा सगळा जन्म तुटलेले चेहरे वाचण्यात गेला, ज्याला खुर्चीचा पायही सोडवत नाही, त्याच्या नियमाला छेद देणारी सळई समोर तुटून पडली होती, आणि तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. नंतर त्याच्या खोलीतही, कुठून तुटली, कशी दिसते, एवढंही त्याने मला विचारलं नाही. जो चेहरा आपण स्वतःच निवडून आणलाय तो पुन्हा कोण बघतो?

मी हिला सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, की मी त्याच्यावर जळतो, म्हणून मला असं दिसत असेल.

"अहो, तुम्ही त्याच्यावर जळता ते मला पहिल्यापासून माहीत आहे," ही म्हणाली. "पण तो वाकला नाही, ते काय तुमच्या जळण्यामुळे?"

५

सकाळी मी त्याच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. दोन ओळींचा कागद आणला का, असं त्याने विचारलं. नाही म्हणालो. मग जे सांगायचं ते सांगितलं. वाईट सांगितलं, मधेच धाग्यांची टोकं सुटत होती, चेहऱ्याची झाक, कडेचं तुटणं, न वाकणं, सगळं उलटसुलट झालं. सेमिनारमध्ये मी का बोलत नाही, ते त्याला नव्याने कळलं असेल.

तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "एवढंच? मी वाकलो नाही, एवढंच?"

"एवढंच."

"माझी कंबर दुखत असेल. मला त्या पोरीचं वाईट वाटलं असेल. आणि हे सांगतोय कोण? पहिल्या परीक्षेपासून तू मला पाण्यात पाहतोस. आज तुला संधी मिळाली."

"खरं आहे," मी म्हणालो. "काल रात्रभर मी हेच स्वतःला विचारत होतो. मी जळतोच. म्हणून तर मला ओळखता आलं. आपल्या माणसाचं चांगलं झालेलं बघताना चेहरा कसा ठेवायचा असतो, ते मला माहीत आहे. काल तू तसाच ठेवला होतास."

त्याने काचेच्या कपाटाकडे मान वळवली. मी उठून जावं असं मला वाटायला लागलं. पुरावा काहीच नव्हता आणि त्याने ओरडून हाकललं असतं तर मी गेलोही असतो.

त्याने टेबलाखालची कातडी बॅग वर घेतली. आतून मऊ फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली आणि माझ्यासमोर उलगडली. सळई सबंध होती, तेलाचा हात फिरवलेली, जोड बोटाला लागणारही नाही इतकी गुळगुळीत.

"नदीत टाकणार होतो," तो म्हणाला. "पुलापर्यंत गेलो होतो. असा जोड मी आयुष्यात पाहिला नाही रे. रोज सकाळी तिच्यापाशी बसायचो. रोज वाटायचं, आज तुटू दे. आणि रोज न तुटल्याचा आनंदही व्हायचा. मग ते पत्र आलं. त्यात बाईंनी लिहिलं होतं, तुमच्या गुरूंचा नियम आता इतिहासात जमा होईल. मला प्रत पाठवून लिहिलं होतं."

पहिल्यांदाच मला त्याचा हेवा वाटेना. ते फार चमत्कारिक होतं, पायाखालची पायरी नसावी तसं.

त्याने सुचवलं, की सळई कपाटामागे सापडली असं आपण दोघांनी सांगू. थोरलीला तिची वस्तू मिळेल, कुणाची बेअब्रू नको, झाकली मूठ राहील. मी नाही म्हणालो. सापडलेल्या सळईवर बाई विश्वास ठेवणार नाहीत, ती चालू यंत्रातून कुणी काढली आणि तेव्हा ती शाबूत होती, हे ज्याने काढली त्यानेच सांगायला हवं. तू गप्प राहिलास तर सळई परत देऊनही तू ती तोडलीसच.

"आणि मी नाही बोललो, तर तू बोलशील?"

मी खरं ते सांगितलं. म्हणालो, माझं तोंड उघडेल की नाही, ते मलाच ठाऊक नाही.

तो कोरडं हसला. सळई पुन्हा फडक्यात बांधून त्याने बगलेत धरली आणि सेमिनारला वेळ झाली म्हणून निघाला. काय करणार, ते त्याने सांगितलं नाही.

६

सभागृह भरलं होतं. बातमी पसरलेली असली की आमच्याकडे गर्दी होते. बाई पुढच्या रांगेत, जावईबापू त्यांच्यामागे. धाकट्याने विरोधकाची खुर्ची घेतली होती. मी शेवटच्या बाकावर. सर मधल्या वाटेशी बसले, फडकं मांडीवर.

थोरलीने मागची भिंत बघत सुरुवात केली. रात्री ती रडली होती, ते तिच्या आवाजात कळत होतं. जोड कसा केला ते तिने सांगितलं, यंत्राचे आकडे दाखवले, सरांचा नियम फळ्यावर मांडला. मग शेवटच्या चित्रापाशी आली. तिथे शाबूत सळईचं छायाचित्र होतं, आणि ते दाखवावं की नाही याचा तिला निर्णय घेता येईना. बाईंनी घड्याळात पाहिलं.

माझे हात बाकावर होते. मी उठायचं ठरवलं आणि उठलो नाही. पुन्हा ठरवलं. गुडघे सरळ होत होते तेवढ्यात मधल्या वाटेशी खुर्ची सरकली.

सर उभे राहिले. चालत पुढे गेले आणि फडकं उलगडून सळई थोरलीसमोर टेबलावर ठेवली.

"ही तिची सळई. काल पहाटे, कुणी यायच्या आधी, चालू यंत्र थांबवून मी ती काढली. तेव्हा ती शाबूत होती, तडा नव्हता, मी भिंगातून पाहिलंय. जबड्यात तुकडे होते ते माझ्या जुन्या सळईचे. मीच ठेवले."

एवढंच बोलले. कारण सांगितलं नाही. ते तिथेच उभे होते, टेबलाला हात टेकून, आणि पुढे काहीतरी बोलायची तयारी करत होते. माफी, किंवा निदान खुलासा.

थोरलीने सळई उचलली. दोन्ही टोकं पाहिली, जोडावरून अंगठा फिरवला. सरांकडे तिने पाहिलं ते फार थोडा वेळ.

"सर, प्रश्न आणि चर्चा शेवटी," ती म्हणाली. "आधी माझं पूर्ण होऊ दे."

ते जाऊन बसले. तिने शेवटचं चित्र दाखवलं. आता तिचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत नीट येत होता. नियम कुठवर खरा आहे आणि कुठून पुढे नाही, हे तिने सांगितलं. सरांचं नाव जिथे घ्यायला हवं होतं तिथे घेतलं, जास्त नाही, कमी नाही.

मग चर्चा सुरू झाली. धाकट्याने आपले सगळे प्रश्न विचारले, एकही गाळला नाही, आणि त्यातल्या एकाला थोरलीला खरोखरच उत्तर देता आलं नाही. तो इतका खूश झाला की तिचे आभार मानून बसला. नवऱ्याने विचारलं, की तुटेल तेव्हा कुठून तुटेल असं वाटतं. ती म्हणाली, मधोमध, तुमचं गणित तेवढं बरोबर असावं. लोक हसले. तो हसला नाही. त्याने ते लिहून घेतलं.

बाईंनी शेवटी हात वर केला. सळई त्यांच्या हातात होती.

"आमच्या यंत्रावर ही किती लवकर चढवता येईल?"

थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं.

"घर आवरायला जेवढा वेळ लागेल तेवढा," तो मागून म्हणाला. "गणित काय, तिथेही चुकवता येईल."

पुन्हा हशा झाला, टाळ्या झाल्या, लोक उठले, पुढे जाऊन सळई बघायला लागले. एकाने दुसऱ्याच्या हातात दिली, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. प्रत्येक जण जोडावर वाकत होता.

सर अजून मधल्या वाटेशी बसले होते, हात मांडीवर, मान थोडी वर, उत्तर द्यायच्या तयारीने. त्यांना कुणी काही विचारलं नाही.